जुन्या गेम्सचं संगीत नीट कसं ऐकायचं, आणि मग स्वतः कसं बनवायचं

जुन्या गेमची एखादी ट्यून डोक्यात घोळायला लागली की आपण बहुतेक सगळे एकच करतो, नाव टाकून व्हिडिओ शोधतो, कोणीतरी चढवलेलं रेकॉर्डिंग लावतो, दोन मिनिटं अंगावर काटा येतो आणि मग पुढचा व्हिडिओ. माझं म्हणणं असं की तिथे थांबू नका. ते रेकॉर्डिंग म्हणजे त्या संगीताचा फोटो आहे, आणि मूळ वस्तू अजून जशीच्या तशी मिळते, ती उघडता येते, तिच्यातला एकेक आवाज बंद-चालू करून बघता येतो, आणि एकदा तसं ऐकलं की जी ट्यून आपल्याला पाठ आहे असं वाटत होतं तिच्यात कितीतरी गोष्टी पहिल्यांदाच ऐकू येतात.

मूळ वस्तू म्हणजे काय ते आधी सांगतो. १९८० च्या दशकात गेममध्ये गाणं रेकॉर्ड करून ठेवायला जागाच नव्हती. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स आख्खा गेम, चित्रं, लेव्हल्स, संगीत सगळं धरून ४० किलोबाइटमध्ये बसतो, आणि सीडीच्या दर्जाचा फक्त एक मिनिटाचा स्टिरिओ आवाज साधारण १० मेगाबाइट खातो. मग संगीतकार काय करायचे, तर गाणं साठवायचेच नाहीत, फक्त सूचना लिहून ठेवायचे, की आता हा सूर, इतका वेळ, इतक्या आवाजात, आणि मशीनमधली साउंड चिप त्या सूचना वाचून तिथल्या तिथे आवाज तयार करायची. म्हणजे तुम्ही गेम सुरू केला की प्रत्येक वेळी ते गाणं तुमच्यासमोर नव्याने वाजवलं जायचं. त्या सूचनांच्या फाईली आज वेगळ्या काढलेल्या मिळतात आणि त्यांचा आकार बघून पहिल्यांदा विश्वास बसत नाही, काही किलोबाइटमध्ये गेमचं सगळं संगीत.

आधी फाईल ओळखा

कुठल्या मशीनवर कुठली फाईल एवढं माहीत असलं की बाकी सोपं आहे. निन्टेन्डोच्या ८ बिटवाल्या मशीनची म्हणजे फॅमिकॉम (जपानमधलं नाव) किंवा नेसची (बाहेरचं नाव) फाईल एनएसएफ, सुपर निन्टेन्डोची एसपीसी, कमोडोर ६४ ची सिड, सेगा मेगा ड्राइव्हची बहुतेक व्हीजीएम, आणि अमिगाची मॉड. मॉडचीच पुढची भावंडं म्हणजे पीसीवरच्या एस३एम, एक्सएम, आयटी. व्हीएलसी प्लेअर यातल्या बऱ्याच फाईली सरळ वाजवतो, त्यामुळे नुसतं ऐकून बघायला तोही चालतो, पण आपल्याला चॅनेल, म्हणजे चिपमधले एकेक वेगळे आवाज, बंद करायचेत, तर त्यासाठी एनएसएफला एनएसएफप्ले, सिडला सिडप्लेएफपी आणि मॉडला ओपनएमपीटी किंवा मिल्कीट्रॅकर घ्या, सगळे फुकट आहेत. सिडसाठी हाय व्होल्टेज सिड कलेक्शन नावाचा प्रचंड मोठा संग्रह आहे आणि मॉडसाठी मॉड आर्काइव्ह, तो १९९६ पासून चालू आहे. दोन्ही इतके मोठे आहेत की आपल्या आवडीच्या एखाद्या संगीतकाराचं नाव धरूनच आत शिरा, नाहीतर काय ऐकू आणि काय नको असं होतं.

एका वेळी एकच आवाज

सुरुवात नेसच्या ट्यूनपासून करा, कारण चॅनेल कमी आणि प्रत्येकाचं काम वेगळं, लगेच कळतं. चिपचं नाव २ए०३, आणि तिच्यात पाच चॅनेल असतात, दोन पल्स आणि एक ट्रँगल (लहरींच्या आकारावरून पडलेली नावं), एक नॉइज (नुसती खरखर) आणि एक छोटे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा. ओळखीची ट्यून लावा आणि सगळं बंद करून फक्त ट्रँगल चालू ठेवा. हा बहुतेक वेळा बेस असतो, गोल मऊ आवाज, आणि गंमत म्हणजे याला आवाज कमी-जास्त करायची सोयच नाही, एकतर चालू नाहीतर बंद. आता ही अडचण डोक्यात ठेवून परत ऐका, मग कळतं की बेसचे सूर असे तोडून तोडून का लिहिलेत, कारण जोर कमी करता येत नाही तर सूर आखूड करून उठाव द्यायचा. आणि काही गेममध्ये हाच ट्रँगल मधेच एका झटक्यात वरून खाली घसरतो आणि ढोलासारखा ठोका देतो, आणि पुढच्या क्षणी परत बेस वाजवायला लागतो. पूर्ण गाण्यात ऐकताना वाटतं ढोल वेगळा आणि बेस वेगळा, प्रत्यक्षात एकच चॅनेल दोन्ही कामं करत असतो.

मग ट्रँगल बंद करा आणि दोन्ही पल्स ऐका, आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही. पल्सला चार प्रकारचा नाद देता येतो, १२.५, २५, ५० आणि ७५ टक्के, म्हणजे लहर एका फेरीत किती वेळ वर राहते ते, त्यातले २५ आणि ७५ कानाला सारखेच लागतात म्हणून खरे तीनच. १२.५ वाला बारीक, नाकातून आल्यासारखा, ५० वाला पोकळ, पण जाड. बऱ्याच गाण्यांत दुसरा पल्स पहिल्याचीच चाल थोडी उशिरा आणि हळू आवाजात म्हणतो, आणि आपल्या कानाला वाटतं की मोठ्या हॉलमध्ये घुमतंय. त्या चिपमध्ये इको नावाची कुठलीही सोय नव्हती! ही युक्ती मला अजूनही फार आवडते.

आता गेम खेळताना काय व्हायचं ते आठवा, उडी मारली, नाणं घेतलं की संगीतातला एक आवाज क्षणभर गायब व्हायचा. चॅनेल कमी असल्यामुळे गेमचे आवाज संगीताकडून चॅनेल उधार घ्यायचे आणि काम झालं की परत द्यायचे. म्हणून चांगले संगीतकार गाणं असं बांधायचे की एक आवाज गेला तरी चाल हातातून सुटत नाही. सुपर मारिओची चाल करणारे कोजी कोंडो, मेट्रॉइडचे हिरोकाझू तानाका, पहिल्या कॅसलव्हेनियाच्या किनुयो यामाशिता, पहिल्या मेगा मॅनच्या मानामी मात्सुमाए, या सगळ्यांनी याच पाच चॅनेलमध्ये काम केलंय आणि चौघांचाही आवाज पूर्ण वेगळा येतो. एकाच चिपवर चौघांच्या ट्यून लागोपाठ ऐका.

नेस कानात बसलं की कमोडोर ६४ कडे या. १९८२ चं मशीन, आणि त्यातली सिड चिप बॉब यानेस या इंजिनिअरने बनवली, ज्याने पुढे एन्सॉनिक ही सिंथेसायझरची कंपनी सुरू करण्यात भाग घेतला. म्हणजे चिप बनवणाऱ्याच्या डोक्यात पहिल्यापासून वाद्यच होतं, आणि ते ऐकू येतं. फक्त तीन आवाज, पण प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी, आवाजाचा स्वतःचा चढ-उतार, आणि सगळ्यांना मिळून एक खराखुरा ॲनालॉग फिल्टर, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणारी सोय. पल्सची रुंदी नेससारखी चार ठिकाणी अडकलेली नाही, ४०९६ पायऱ्यांमध्ये सरकवता येते, आणि सूर वाजत असतानाच ती सतत हलवत ठेवली की जो जाड, फिरता आवाज येतो तो सिडची ओळख आहे. रॉब हबर्ड आणि मार्टिन गॅलवे यांचं काम ऐकताना एकच आवाज बाकी ठेवून बघा, त्यात चाल, ठेका आणि मधली भर सगळं एकाच ओळीत गुंफलेलं सापडेल. ड्रमचा ठोका कसा व्हायचा, तर सेकंदाचा पन्नासावा भाग नॉइज, आणि लगेच खाली घसरणारा पल्स, की झाला ढोल, आणि तोच आवाज पुढच्या सुराला मोकळा.

अमिगाची गोष्टच निराळी. १९८५ साली आलेल्या या मशीनमधली पॉला चिप चार चॅनेलवर खरे रेकॉर्ड केलेले ८ बिट तुकडे वाजवायची. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांचा अल्टिमेट साउंडट्रॅकर आला आणि त्यातूनच मॉड फाईल जन्माला आली, जिच्यात सुरांच्या सूचनाही आहेत आणि वाद्यांचे तुकडेही. म्हणजे फाईल उघडली की रचना पूर्ण समोर, कुठला तुकडा कुठे वाजतो, कुठला इफेक्ट कुठे लावलाय, काहीच लपलेलं नाही. त्या काळात हजारो पोरं दुसऱ्यांच्या मॉड उघडून बघत बघतच शिकली, आणि आजही शिकायची याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

मेगा ड्राइव्ह, सुपर निन्टेन्डो आणि गेम बॉय यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो. मेगा ड्राइव्हमध्ये यामाहाची वायएम२६१२ चिप आहे, सहा चॅनेल एफएम, म्हणजे एका लहरीने दुसरी हलवून आवाज घडवायची पद्धत, म्हणून तो धातूसारखा, कडक, खणखणीत बेस. सुपर निन्टेन्डोमध्ये आठ चॅनेल आणि खरा इको, पण वाद्यांचे तुकडे, सूचना आणि इको या सगळ्यांना मिळून फक्त ६४ किलोबाइट मेमरी, आणि इको जितका लांब तितकी मेमरी जास्त, दर १६ मिलिसेकंदाला २ किलोबाइट. म्हणजे घुमारा हवा तर वाद्य बारीक करा, असा सौदा. गेम बॉयला चार चॅनेल, आणि त्याच्या अंगावरचा स्पीकर एकच असला तरी हेडफोनमधून स्टिरिओ यायचं, त्यामुळे ज्यांनी हेडफोन कधी लावलाच नाही त्यांनी त्यांच्या आवडत्या गेमच्या संगीतातला डावा-उजवा खेळ अजून ऐकलेलाच नाही, हेडफोन लावून एवढं नक्की ऐका.

आठवणीतल्यासारखं का वाटत नाही

कधी कधी सगळं बरोबर असतं पण ऐकताना वाटतं की हे ते नाही. बहुतेक वेळा तुमची आठवण बरोबर असते आणि सेटिंग चुकलेलं असतं.

पहिलं कारण वेग. जपान आणि अमेरिकेतली मशीनं सेकंदाला ६० फ्रेमवर, म्हणजे पडद्यावरच्या ६० चित्रांवर, चालायची, युरोप आणि इतर बऱ्याच ठिकाणची ५० वर, आणि संगीताच्या सूचना फ्रेमच्या हिशोबाने वाचल्या जायच्या, त्यामुळे ज्या गेममध्ये त्याची दुरुस्ती केलेली नसायची तो गेम ५० वाल्या मशीनवर जवळजवळ १७ टक्के हळू चालायचा आणि संगीतही तितकंच रेंगाळायचं. तुम्ही लहानपणी जे ऐकलं ते यातलं कुठलं होतं ते आठवा आणि प्लेअरमध्ये एनटीएससी (६० वालं) किंवा पाल (५० वालं) निवडून बघा, कित्येकांना इथेच उत्तर मिळतं.

दुसरं, सिडचे दोन अवतार आहेत, जुना ६५८१ आणि नंतरचा ८५८०. जुन्याचा फिल्टर प्रत्येक चिपमध्ये थोडा वेगळा निघायचा, आणि जुन्या चिपवर जे रेकॉर्ड केलेले आवाज जोरात यायचे ते नव्यावर अगदी दबतात. सिड फाईलमध्ये बहुतेक वेळा कुठली चिप अपेक्षित आहे ते लिहिलेलं असतं, प्लेअरला तेच वापरू द्या, आणि मन भरलं नाही तर दुसरी लावून बघा.

तिसरं अमिगाचं. पॉलाचे दोन चॅनेल पूर्ण डावीकडे आणि दोन पूर्ण उजवीकडे, मधे काहीच नाही. स्पीकरवर ते छान मिसळतं, हेडफोनवर मात्र डोकं दुखतं. ओपनएमपीटीमध्ये स्टिरिओ सेपरेशन नावाचं सेटिंग आहे, ते कमी करा, मी निम्म्याच्याही खाली ठेवतो.

आणि एक चौथं, जे खरंतर वेगळेपण आहे, चूक नाही. फॅमिकॉमच्या कार्ट्रिजमध्ये (गेमची मशीनमध्ये खोचायची डबी) जादा साउंड चिप बसवायची सोय होती, नेसच्या कार्ट्रिजमध्ये ती वाट तशी ठेवलेली नव्हती, म्हणून कॅसलव्हेनिया ३ जपानमध्ये व्हीआरसी६ या जादा चिपसह तीन आवाज वाढवून आला आणि बाहेर त्याच चाली पाच चॅनेलमध्ये बसवाव्या लागल्या. दोन्ही ऐका. मला जपानी भव्य वाटतो पण दुसऱ्यातली काटकसर जास्त भावते.

गेम खेळायचाच असेल तर

संगीत खेळताना ऐकण्यात वेगळी मजा आहेच, कारण ते खेळण्याशी बांधलेलं होतं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये नुसते चार सूर खाली उतरत राहतात, पण शत्रू कमी होत जातील तसे उरलेले वेगाने सरकतात, सूरही वेगाने वाजतात आणि हात घामेजतात, एवढ्यावर ती भीती उभी आहे, रेकॉर्डिंगमध्ये हे कसं कळणार.

एम्युलेटर, म्हणजे आजच्या कॉम्प्युटरवर जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, निवडताना फार विचार करू नका, नेसला मेसेन, कमोडोरला व्हाइस, अमिगाला एफएस-यूएई, जुन्या डॉस गेमला डॉसबॉक्स, आर्केडला मेम. जुन्या पॉइंट-अँड-क्लिक गेमना स्कमव्हीएम, आणि बिनीथ अ स्टील स्काय आणि फ्लाइट ऑफ द ॲमेझॉन क्वीन हे दोन गेम त्यांच्या मालकांनीच फुकट करून टाकलेत, तर सुरुवात तिथून करा. बाकी गेम जुने झाले म्हणून त्यांचा कॉपीराइट संपत नाही, आपल्या कार्ट्रिजमधून काढलेली कॉपी किंवा कंपनीने पुन्हा आणलेले संच, नाहीतर आज नव्याने जुन्या मशीनसाठी लिहिले जाणारे गेम, यात आयुष्यभर पुरेल इतकं आहे.

दोन गोष्टी मात्र नक्की करा. ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवा आणि वायरवाला लावा, कारण ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि उडीचा आवाज उडी झाल्यावर आला की सगळी मजाच जाते. आणि टीव्हीवर खेळत असाल तर त्यातला गेम मोड चालू करा, नाहीतर टीव्ही चित्र सुधारण्यात वेळ घालवतो आणि तुम्हाला वाटतं की आपलंच वय झालं.

जुनं मशीन घरात पडलेलं असेल तर थेट प्लग लावू नका. कमोडोर ६४ चा मूळ पॉवर सप्लाय बिघडला की ५ व्होल्टच्या ठिकाणी जास्त सोडतो आणि आतल्या चिप जातात, म्हणून आधी मीटरने मोजा किंवा नवीन सप्लाय घ्या, सिड आता बनत नाही. अमिगा ५०० प्लस आणि २००० च्या बोर्डवरची घड्याळाची बॅटरी गळून बोर्ड खाते, ती लगेच काढून टाका. कार्ट्रिज चालत नसेल तर फुंकू नका, तोंडातली वाफ पिना गंजवते, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसा. आणि ज्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह बॅटरीवर राहतं त्याची बॅटरी बदलली की सेव्ह जातं, लहानपणीचं सेव्ह जपायचं असेल तर आधी त्याची कॉपी काढून घ्या.

आता स्वतः बनवा

इथपर्यंत आलात तर हे कराच. संगीत शिकलेलं नसलं तरी चालतं, खरंच चालतं, कारण एवढ्या कमी आवाजांत चूक लगेच ऐकू येते आणि लगेच सुधारता येते.

अगदी काहीच डाउनलोड करायचं नसेल तर ब्राउझरमध्ये बीपबॉक्स उघडा, चौकोन भरत जा, ट्यून तयार. पण मी म्हणेन की थोडा त्रास घेऊन फर्नेस किंवा फॅमिट्रॅकर घ्या. फर्नेस विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतो आणि त्यात जवळजवळ सगळ्या जुन्या चिप आहेत. नवीन गाणं उघडताना नेस निवडा, जास्त चॅनेलचा मोह आत्ता नको.

समोर आकड्यांच्या उभ्या रांगा दिसतील. हे ट्रॅकर, वेळ वरून खाली जातो, प्रत्येक उभी पट्टी एक चॅनेल, प्रत्येक आडवी ओळ एक छोटा क्षण. कीबोर्डच्या खालच्या ओळी पियानोच्या पट्ट्यांसारख्या काम करतात, स्पेस दाबून लिहिणं चालू करायचं आणि सूर टाकायचे. एका पॅटर्नमध्ये, म्हणजे गाण्याच्या एका तुकड्यात, ६४ ओळी ठेवा आणि स्पीड ६. हिशोब असा की ६० फ्रेमच्या मशीनवर ६ फ्रेमला एक ओळ म्हणजे सेकंदाला १० ओळी, चार ओळींची एक मात्रा धरली तर मिनिटाला १५० मात्रा, आणि ६४ ओळी म्हणजे ६.४ सेकंद. असे चार पॅटर्न केले की साधारण २५ सेकंदांची फेरी होते, पहिल्या ट्यूनला पुष्कळ झाली.

बेसपासून सुरू करा, चालीपासून नाही. ट्रँगलवर दर चार ओळींना एक सूर, दोन ओळी वाजवा आणि दोन ओळी गप्प, गप्प करायला नोट कट टाकावा लागतो, नाहीतर तो वाजतच राहतो. पहिल्या पॅटर्नला षड्ज, दुसऱ्याला मध्यम, तिसऱ्याला पंचम, चौथ्यात परत येण्याची तयारी, एवढा सांगाडा डोळे मिटून चालतो.

मग नॉइज. दोन वाद्यं बनवा, हायहॅट (झांजेसारखा छोटा ठोका) आणि स्नेअर (कडक, खरखरता ठोका), प्रत्येकाला व्हॉल्यूमची एक रांग द्यायची असते जी दर फ्रेमला पुढे सरकते. हायहॅटला ६, ३, १, ० अशी झटपट विझणारी, स्नेअरला १५, ११, ८, ५, ३, १, ० अशी. हायहॅट वरच्या पट्टीत, स्नेअर थोडा खाली, आणि स्नेअर दर दुसऱ्या मात्रेला. ढोल हवा असेल तर मघाशी सांगितलेली ट्रँगलची युक्ती, सूर वरून सुरू करून तीन-चार फ्रेममध्ये दोन सप्तकं खाली पाडा आणि लगेच बेसचा सूर टाका.

आता पहिल्या पल्सवर चाल. वाद्याचा नाद २५ टक्के ठेवा, व्हॉल्यूम १२ पासून हळूहळू ७ वर येऊन थांबणारा. चाल गुणगुणून काढा, कीबोर्डवर बोटं फिरवून काढली तर बोटांच्या सवयी येतात, गळ्यातून आली तर लक्षात राहते. लांब सूर सरळ सुरू होऊ द्या आणि अर्ध्या वाटेवर कंप द्या, त्यासाठी ४ नंबरचा इफेक्ट मधल्या ओळीत टाकायचा, उदाहरणार्थ ४५३. सुरुवातीपासून कंप दिला की सूर रडका होतो. एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घ्यायची असेल तर ३ नंबरचा इफेक्ट आहे, तो दोन-तीन ठिकाणीच वापरा.

दुसऱ्या पल्सवर दोन पर्याय. एक म्हणजे इको, पहिल्या पल्सची पूर्ण पट्टी कॉपी करा, तीन ओळी खाली सरकवून चिकटवा आणि व्हॉल्यूम ४ किंवा ५ करा. दुसरा म्हणजे अर्पेजिओ, आणि या सगळ्या काळाचा जो आवाज आपल्या मनात बसलाय तो मुख्यतः हाच. एका चॅनेलवर एका वेळी एकच सूर वाजतो, मग तीन सुरांचा कॉर्ड कसा वाजवायचा, तर तिन्ही सूर एकामागोमाग इतक्या वेगाने, प्रत्येक फ्रेमला एक, की कानाला ते एकत्र वाटतात आणि वर एक चमचमती थरथर येते. ट्रॅकरमध्ये ०४७ टाका, म्हणजे मूळ सूर, मूळ सुरापासून ४ पट्ट्या वर, आणि मूळ सुरापासूनच ७ पट्ट्या वर (पियानोच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून), थोडक्यात सा ग प. ०३७ टाकलं तर ग कोमल होतो आणि मूड लगेच उतरतो. ०५९ पण करून बघा. एकच ओळ बदलून हे तीन आकडे लागोपाठ लावून ऐका, माझ्या मते या आख्ख्या शिकण्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण हा आहे, कारण इतकी वर्षं जो आवाज फक्त आठवणीत होता तो आपल्या हातातून निघतो.

मग फेरी जोडायचं काम, आणि यावर वेळ द्या. गेममधलं संगीत कोणी एकदा ऐकून सोडत नाही, खेळाडू एका लेव्हलला अडकला तर तीच चाल शंभर वेळा ऐकतो, आणि तरी त्याला ती नकोशी होता कामा नये. म्हणून शेवटच्या पॅटर्नचा शेवट पूर्ण विसावू देऊ नका, पंचमावर किंवा वरच्या निषादावर अधांतरी ठेवा म्हणजे पहिला षड्ज आपोआप ओढून घेतो, आणि चौथ्या पॅटर्नच्या शेवटच्या आठ ओळींत नॉइजवर एक छोटी भर टाका. एखादा इंट्रो केला असेल तर फेरी इंट्रोवर न जाता त्याच्या पुढच्या पॅटर्नवर यावी यासाठी बी नंबरचा जंप इफेक्ट आहे. झालं की ट्यून चालू ठेवून दुसरं काहीतरी काम करा. जिथे ती डोक्याला टोचायला लागेल तिथे सूर जास्त झालेत, काढा. बहुतेक वेळा काढावेच लागतात, वाढवावे लागत नाहीत.

कोणाला ऐकवायची असेल तर वेव्ह फाईल काढा, दोन फेऱ्या आणि मग फेड आउट, ही जुनी पद्धत अजून चांगली वाटते. पण सोबत मूळ ट्रॅकर फाईलही द्या, म्हणजे समोरच्याला तुमचे चॅनेल बंद करून बघता येतील. आणि पुढे अमिगाची मॉड करायला घ्याल तेव्हा तिच्यात ३१ वाद्यांच्या नावांच्या जागा असतात, प्रत्येकी २२ अक्षरं. जुने लोक तिथे वाद्याचं नाव लिहायचेच नाहीत, त्या ओळींमध्ये मित्रांना निरोप, कोणासाठी बनवलंय, कधी बनवलंय, असं लिहून ठेवायचे, आणि फाईल उघडणाऱ्यालाच ते दिसायचं. तुम्हीही लिहा.